चांदीचे तुकडे आणि बारा हजारांचा मुलूख

पलिष्ट्यांचे सरदार दलीलेच्या दारात आले आणि त्यांनी आकडाच पुढे केला. इस्राएलचा महाबळी शमशोन, त्याचं बळ कशात आहे ते त्याच्याकडून काढून घे, आम्ही प्रत्येक जण तुला अकराशे रुपे देऊ. पलिष्ट्यांची संस्थानं पाच होती: गज्जा, अश्दोद, अष्कलोन, गथ आणि एक्रोन. पाचही जणांनी शब्द पाळला तर साडेपाच हजार रुपे. ही रक्कम केवढी मोठी, ते बायबलच्या ‘शास्ते’ या पुस्तकात अगदी पुढच्याच अध्यायात कळतं. मीखा नावाचा एक माणूस घरी पुजारी ठेवतो आणि त्याचा पगार ठरतो वर्षाला दहा रुपे, अंगावरचे कपडे आणि पोटाला अन्न. म्हणजे पुजाऱ्याची साडेपाचशे वर्षांची कमाई सोरेक खोऱ्यातल्या एका बाईपुढे एका बैठकीत मांडली गेली होती.

या गोष्टीचा उपदेश करताना लोक हा आकडा घाईने ओलांडतात आणि ‘बाईच्या नादी लागू नये’ या धड्याकडे धावतात. मला ते पटत नाही. मूळ गोष्ट फार नेटकी आहे आणि ती कुणालाच मोकळं सोडत नाही.

दलीला विचारते आणि शमशोन थाप मारतो: न वाळलेल्या सात ताज्या तातींनी मला बांधलं तर मी दुबळा होईन. आतल्या खोलीत माणसं दबा धरून बसलेली असतात. ती ओरडते, पलिष्टी आले! तो ताती तटातट तोडतो. दुसऱ्यांदा नवे कोरे दोर. पुन्हा आतल्या खोलीत माणसं, पुन्हा तीच आरोळी, पुन्हा दोर तुटतात. तिसऱ्यांदा त्याच्या केसांच्या सात बटा मागावर विणल्या जातात आणि तो मागाच्या खुंटीसकट उठतो. तीन वेळा त्याला कळलेलं असतं की ही माझा सौदा करते आहे. त्याआधी तिम्नाच्या लग्नातही हेच घडलं होतं. पलिष्ट्यांनी नवरीला घरासकट जाळण्याची धमकी दिली आणि तिने सात दिवस रडून त्याच्याकडून कोड्याचं उत्तर काढलं होतं. तरी चौथ्यांदा, रोजच्या टुमण्याला कंटाळून, बळ न कापलेल्या केसांत आहे हे खरं तो सांगून टाकतो आणि तिच्याच मांडीवर डोकं ठेवून झोपतो. केसाने गळा कापणं हा वाक्प्रचार आपल्याकडे आहे, पण इथे तो शब्दशः घडलेला दिसतो.

एक बारीक तपशील मला या गोष्टीत सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. दलीलेने निरोप धाडल्यावर सरदार येतात ते हातात रुपे घेऊन. वस्तरा नंतर चालतो, पैसे आधी पोचतात. शमशोनाचे डोळे काढले जातात, पितळी बेड्या घालून त्याला गज्जाच्या तुरुंगात दळायला बसवतात, पुढे केस वाढतात, दागोनाच्या देवळाचे खांब पडतात आणि त्याच्याबरोबर छतावरची हजारो माणसं मरतात. दलीलेचं काय झालं, याबद्दल पुस्तक एक अक्षर बोलत नाही. ती पलिष्टी होती की इस्राएली, त्याची बायको होती की नव्हती, हेही सांगत नाही. ही रिकामी जागा पुढच्यांनी भरली. मिल्टनने १६७१ च्या आपल्या नाट्यकाव्यात तिला शमशोनाची बायको केलं आणि तिच्या तोंडी बचावही घातला. हॉलीवूडने १९४९ मध्ये तिला हेडी लामारचा चेहरा दिला. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी मूळ भाषा शिकून अख्ख्या बायबलाचं मराठी भाषांतर केलं. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून बाहेर पडलं आणि छापखान्यातलं काम तिथल्या बायकांनीच केलं. समाजाने टाकलेल्या त्या बायकांनी दलीलेचा अध्याय खिळ्याखिळ्याने जुळवला असेल, तेव्हा त्यांना तो कसा वाटला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वाशात ही गोष्ट वाचली की ती पलिष्ट्यांच्या मुलखात थांबत नाही. गावात पोर्तुगीज काळातलं अवर लेडी ऑफ पायटीचं चर्च उभं आहे. टोकरखाड्याच्या बाजूला सरकारी शाळा आहेत, मुलांची ये-जा आहे, रिक्षा आहेत. ही सगळी जमीन पोर्तुगीजांकडे गेली ती लढाईत हरून नव्हे. ती एका सौद्यात गेली आणि तो सौदा ज्या दिवसांत झाला ते दिवस पुण्याच्या पेशव्यांच्या घरातल्या लोभाने आणि घातपाताने ग्रासलेले होते. त्या घरातही दोषाचं गाठोडं शेवटी एका बाईच्या डोक्यावर आलं.

तिचं नाव आनंदीबाई. मळणच्या ओकांची मुलगी, रघुनाथरावांची दुसरी बायको. मराठी माणसाला तिच्याबद्दल दुसरं काही माहीत नसलं तरी ‘ध चा मा’ माहीत असतो: नारायणरावाला ‘धरावे’ असा हुकूम होता, तिने एका अक्षरात ‘मारावे’ केला. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारदी घुसले, अठरा वर्षांचा पेशवा ‘काका’ म्हणत रघुनाथरावांच्या गळ्यात पडला, तुळाजी पवाराने त्याला पाय धरून ओढला आणि सुमेरसिंगाने वार केला. धन्यावर आडवा पडलेला चापाजी टिळेकर तिथेच गेला. या प्रसंगाची नाटकं झाली, कादंबऱ्या झाल्या, आजही वाडा बघायला आलेल्या माणसाला तो ऐकवतात. पण अक्षर बदललेला तो हुकूम समकालीन कागदांत कुणाच्या हाती लागलेला नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली तेव्हा बोट ठेवलं ते रघुनाथरावांवर, आणि देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरं प्रायश्चित्त नाही, असं तोंडावर सांगून ते पुणं सोडून वाईजवळ जाऊन राहिले. न्यायाधीशाने नवऱ्याला दोषी धरलं आणि लोकांनी बायकोला. एका अक्षराची गोष्ट लक्षात ठेवायला सोपी पडते. पंधरा वर्षांच्या हव्यासाचा हिशेब लक्षात ठेवणं जड जातं.

आनंदीबाई निर्दोष होती, असं मी म्हणत नाही. तिला सत्ता हवी होती, ती हुशार होती, नवऱ्याच्या कारस्थानांत ती बाहेर बसलेली नव्हती. पण दलीलेच्या गोष्टीत जसा शमशोनाचा वाटा आहे, तसा इथे रघुनाथरावांचा आहे आणि तो फार मोठा आहे. १७५८ मध्ये लाहोरपर्यंत धडक मारणारा हा माणूस मैदानात कुणाला ऐकत नव्हता. त्या मोहिमांतून तो परतला तो ऐंशी लाखांचं कर्ज डोक्यावर घेऊन. थोरले भाऊ नानासाहेब पेशवे गेल्यावर पेशवाई पुतण्याकडे गेली हे त्याला कधीच पचलं नाही. १७६२ मध्ये त्याने निजामाची मदत घेऊन आळेगावला स्वतःच्या पुतण्याशी लढाई केली. सतरा वर्षांचे माधवराव, घर फुटू नये म्हणून, आपण होऊन चुलत्याच्या छावणीत गेले. पुढल्याच वर्षी राक्षसभुवनला दोघे एकत्र लढले आणि निजाम हरला, वाटलं, मिटलं. १७६८ मध्ये धोडपला तो पुन्हा उठला, हरला आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत आला. १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला मरणशय्येवर असलेल्या माधवरावांनी त्याच चुलत्याला जवळ बोलावून धाकट्या भावाचा, नारायणरावाचा, हात त्याच्या हातात दिला.

इथे मला शमशोन दिसतो तो पेशव्यांच्या दरबारात. ताती तोडल्या, दोर तोडले, मागाची खुंटी उपटली. प्रत्येक वेळी घात करणारा कोण हे समोर दिसत होतं. घरचा माणूस, वडीलधारा, भट घराण्याचं रक्त, म्हणून पुन्हा त्याच मांडीवर मान ठेवली गेली. माधवराव हे त्या घराण्यातले सगळ्यांत सावध पेशवे, आणि त्यांचाही हात इथे सैल पडला. अखेरच्या दुखण्यात माणसाने क्षमा करावी, यात माणुसकी आहे. पण राज्य त्या क्षमेवर तरत नाही. नऊ महिन्यांत नारायणराव मारला गेला.

मग चांदी आली. बारभाईंनी, म्हणजे पुण्याच्या कारभाऱ्यांच्या गटाने, रघुनाथरावांना पुण्यातून बाहेर ठेवलं, १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर नारायणरावाच्या विधवेला, गंगाबाईंना, मुलगा झाला आणि चाळीस दिवसांचा सवाई माधवराव पेशवा ठरला. रघुनाथरावांचा हक्क संपला. तेव्हा ते मुंबईकर इंग्रजांच्या दारात गेले. पलिष्टी सरदार दलीलेकडे चालत आले होते. इथे विकणाराच गिऱ्हाइकाच्या दारात गेला. ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात रघुनाथरावांनी साष्टी आणि वसई लिहून दिली, भडोच-सुरतेच्या उत्पन्नातला वाटा दिला, अडीच हजार इंग्रजी फौजेसाठी महिना दीड लाख कबूल केले आणि हमी म्हणून सहा लाखांचं जवाहीर गहाण टाकलं. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये हजारो माणसं खर्ची घालून पोर्तुगीजांकडून घेतलेली वसई त्यांच्याच पुतण्याने एका सहीत दुसऱ्या टोपीवाल्याला दिली. ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी त्याआधीच, डिसेंबर १७७४ अखेरीला, घेतला होता, आणि त्याचं एक निमित्त असं होतं की गोव्याहून पोर्तुगीज आरमार हे जुने प्रांत परत घ्यायला येतंय, अशी बातमी मुंबईला लागली होती. घर फुटलं की सगळीकडून गिधाडं जमतात.

पोर्तुगीजांचं म्हणणं वेगळंही होतं. १७७२ मध्ये मराठ्यांच्या आरमाराने त्यांचं ‘सांताना’ नावाचं गलबत निकामी केलं होतं आणि ते त्याची भरपाई मागत होते. शांततेच्या दिवसांत पुण्याने हे प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवलं असतं. आता ते परवडत नव्हतं. इंग्रजांशी युद्ध चाललं होतं. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजी फौजेला गुडघ्यावर आणलं होतं, पण ताब्यात आलेले रघुनाथराव मराठा सरदार महादजी शिंद्यांच्या हातून निसटून त्याच वर्षी पुन्हा सुरतेला इंग्रजांच्या आसऱ्याला पोचले. अशा वेळी गोवेकर फिरंगी इंग्रजांना मिळू नयेत, ही पुण्याचे कारभारी नाना फडणीस यांची गरज होती. गोव्याच्या बाजूने पुण्यात नारायण शेणवी धुमे वकिली करत होते, मराठी कागद आणि मराठी दरबार दोन्ही कोळून प्यालेले. १७७९ मध्ये पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात मैत्रीचा तह झाला. त्याच्या सतराव्या कलमात पोर्तुगीजांना वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं लावून द्यायची ठरली. रघुनाथरावांनी इंग्रजांना कबूल केलेल्या दीड लाखाच्या मासिक खर्चाशी ताडून पाहिलं तर ते चार दिवसांचेही पैसे होत नाहीत.

गावं कोणती द्यायची यावर आणखी चार वर्षं गेली. जून १७८३ मध्ये नगर हवेली परगण्यातली ७२ गावं पोर्तुगीजांच्या हवाली झाली. १७८५ मध्ये दादराही आलं. सह्याद्रीच्या उतारावरचा, दमणगंगेच्या काठचा साग-खैराचा मुलूख. वारली, कोकणा, धोडिया, काथोडी यांची वस्ती. रामनगरच्या राजांचा हा भाग, मग मराठ्यांचा. शनिवारवाड्यात कोण कुणाला ‘काका’ म्हणाला याचा पत्ता नसलेली ही माणसं. १७८३ च्या त्याच वर्षअखेरीला, ११ डिसेंबरला, रघुनाथराव कोपरगावला वारले. इंग्रजांशी झालेल्या सालबाईच्या तहाने त्यांना पंचवीस हजारांचं मासिक वेतन लावून दिलं होतं आणि जन्मभर ज्या गादीसाठी हे सगळं केलं ती मिळालीच नव्हती. आनंदीबाई त्यांच्यानंतर दहा वर्षं जगली. नाशिकजवळच्या आनंदवल्लीला तिचे दिवस पहाऱ्यात गेले आणि १७९४ मध्ये तिथेच ती वारली. तिचा मुलगा मात्र पेशवा झाला. दुसऱ्या बाजीरावांनी ३१ डिसेंबर १८०२ ला, वडिलांच्याच वाटेने, वसईला इंग्रजांशी तह केला आणि १८१८ मध्ये राज्य संपलं.

नगर हवेलीकडे परत बघायला पुण्याला सवड झाली नाही, आणि इथेच गोष्टीतला सगळ्यांत बोचणारा भाग आहे. पेशव्यांनी पोर्तुगीजांना मालकी दिलीच नव्हती. दिला होता तो सरंजाम: गावाचा वसूल खा, जमिनीवरचं राज्य आमचं. मराठा राज्यात शेकडो सरदारांकडे असे सरंजाम होते आणि ते काढूनही घेतले जात. पण काढून घेणारा हात उरला नाही. इंग्रज आले, त्यांनी पाहिलं की इथे पोर्तुगीज कारभार करतात, आणि ते तसंच मानून चालले. १८८५ मध्ये सिल्वाशाचं नावही कागदावर ‘पासो दे आर्कुश’ झालं. अलवारा नावाच्या परवान्यांवर जमिनी मोठ्या खातेदारांकडे गेल्या आणि जंगलात राहणारा माणूस त्याच जंगलात मजूर झाला. शमशोन झोपेतून उठतो तेव्हा त्याला वाटतं, नेहमीसारखं अंग झटकलं की सुटेन. बळ गेल्याचं त्याला ठाऊकच नसतं. पुण्याचं तसंच झालं. बारा हजारांचं उत्पन्न म्हणून दिलेला मुलूख १७१ वर्षं गेला.

१९५४ च्या उन्हाळ्यापासून तो परत घेण्याची जुळवाजुळव झाली. युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या फ्रान्सिस मास्कारेन्हस यांच्या माणसांनी २१ जुलैच्या रात्री दादऱ्याची चौकी घेतली. फौजदार अनिसेतो दो रोझारिओ तिथे मारला गेला. २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं. आझाद गोमंतक दलाचे प्रभाकर सिनारी आणि त्यांचे सोबती होते, पुण्यातून आलेली राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची तुकडी होती. राजा वाकणकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही नावं त्या दिवसांशी जोडलेली आहेत. परगण्याचा प्रशासक कॅप्टन फिदाल्गो खानवेलकडे हटला आणि ११ ऑगस्टला उदव्याला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. या मोहिमेवर भरपूर लिहिलं गेलं आहे, म्हणून मी तिथे रेंगाळत नाही.

मला त्यानंतरची एक खोली जास्त बोलावते. नेदरलँड्समधल्या हेग शहरात, आंतरराष्ट्रीय न्यायालयात, पोर्तुगालने भारतावर दावा लावला: दमणहून दादरा-नगर हवेलीला जाण्याचा आमचा हक्क तुम्ही अडवला. दाव्याच्या मुळाशी होते पुण्याचे कागद. पोर्तुगाल म्हणत होतं, १७७९ च्या तहाने आम्हाला सार्वभौमत्व मिळालं. भारताच्या बाजूने मराठी मजकूर आणि १७८३ व १७८५ च्या सनदा मांडल्या गेल्या. नाना फडणिसांच्या दरबारातली भाषा पावणेदोनशे वर्षांनी देशोदेशीच्या न्यायाधीशांसमोर उलगडली जात होती. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. मराठ्यांनी दिला तो सरंजाम होता, सार्वभौमत्व दिलं नव्हतं, हे न्यायालयाने मान्य केलं. पण इंग्रजांच्या काळात पोर्तुगीजांचा एकट्यांचा अंमल तिथे बसला आणि कुणी हरकत घेतली नाही, म्हणून तो मान्य झाला, असंही न्यायालयाने म्हटलं. खाजगी माणसं, नागरी अधिकारी आणि सामान यांना वाट देण्याचा हक्क ११ विरुद्ध ४ मतांनी पोर्तुगालचा ठरला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रांसाठी तो ८ विरुद्ध ७ ने नाकारला गेला. आणि १९५४ मध्ये वाट अडवताना भारताने कर्तव्यभंग केला नाही, हे ९ विरुद्ध ६ ने ठरलं.

हा निकाल वाचताना मला वाईट वाटतं ते एका गोष्टीचं. पुण्याच्या कारकुनाने सनदेत शब्द चोख घातले होते. त्याने गाव विकलं नव्हतं. चूक झाली ती नंतरच्या माणसांकडून, ज्यांच्या अंगी ते शब्द राखण्याचं बळ उरलं नाही, कारण ते बळ एकमेकांना पाडण्यात आणि त्यासाठी परक्याला पैसे मोजण्यात खर्ची पडलं होतं. ‘ध चा मा’ची गोष्ट आपण पिढ्यान् पिढ्या सांगतो, पण सुरतेच्या तहातली रक्कम आणि सतराव्या कलमातले बारा हजार शाळेच्या धड्यात क्वचितच दिसतात. दलीलेचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं आणि तिच्या दारात चांदी घेऊन आलेल्या सरदारांपैकी एकाचंही नाव ठाऊक नसतं, तसंच हे.

मुक्तीनंतर सात वर्षं इथला कारभार वरिष्ठ पंचायतीच्या नावाने चालला. १२ जून १९६१ ला तिने भारतात सामील होण्याचा ठराव केला आणि ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा-नगर हवेली केंद्रशासित प्रदेश झाला. १७७९ चा तह, १७८३ ची सनद, १७८५ ची सनद, या कोणत्याही कागदाआधी इथल्या गावांना विचारलं गेलं नव्हतं. अलवाऱ्याच्या जमिनींना हात लागायला आणखी दहा वर्षं गेली. १९७१ च्या जमीन सुधारणा नियमनाने ती पद्धत रद्द केली आणि त्यावरचे खटले पुढे कितीतरी वर्षं न्यायालयांत चालू राहिले.